नाका, चिठ्ठी आणि अर्ज

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. मळ्याचा धनी भल्या पहाटे बाहेर पडतो, एका दिनाराचा रोज ठरवून मजूर लावतो. पुन्हा तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासाला तो चौकात जातो, आणि अखेरीस दिवस मावळायला तासभर उरला असताना अकराव्या तासालाही जातो. संध्याकाळी सर्वांच्या हातावर सारखीच मजुरी पडते. प्रवचनांतून या दाखल्याचा शेवट नेहमी उलगडून सांगितला जातो, आणि देवाच्या औदार्याचा तो बोध आपल्या मनावर ठसलेला असतो. परंतु त्याच्या मधल्या भागाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. अकराव्या तासाला चौकात उभ्या असलेल्या माणसांना धनी विचारतो की, दिवसभर रिकामे का उभे आहात? त्यांचे उत्तर एवढेच की, आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही. ती माणसे आळशी होती असे शुभवर्तमानकार म्हणत नाही. ती चौकात आली होती, दिवसभर उभी होती, काम करण्यास तयार होती. काम आणि माणूस यांची गाठ मात्र पडली नव्हती.

ही गाठ कशी पडते, हा प्रश्न दोन हजार वर्षांनंतरही तितकाच ताजा आहे. सकाळी आठ वाजता वसई, नालासोपारा किंवा ठाणे स्थानकाबाहेरच्या मजूर नाक्यावर उभे राहिले की, तो चौक आपल्या डोळ्यांसमोर येतो. आणि आपल्याच धर्मग्रामातील पदवीधर मुलगा घरी बसून एकामागून एक अर्ज धाडतो, तोही एका अर्थाने त्याच चौकात उभा असतो. नोकरी कशी शोधावी याविषयी आज सल्ल्याची उणीव नाही. परंतु आपल्या वाडवडिलांनी ती कशी शोधली, त्यांच्या कोणत्या वाटा सरळ होत्या आणि कोणत्या वाटांवर लुबाडणूक झाली, याचा मागोवा घेतला तर त्या सल्ल्यातील कस आणि फोल वेगळे करता येतील. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

शेतातून कचेरीकडे

वसई, साष्टी आणि मुंबई बेटावरील आपल्या पूर्वजांना कित्येक पिढ्या नोकरी शोधावी लागत नव्हती. शेतकऱ्याचा मुलगा शेतावर, कोळ्याचा मुलगा होडीवर आणि सुताराचा मुलगा बापाच्या रंध्याशी वाढत असे. काम हे जन्माबरोबर येत असे. त्यात सुरक्षितता होती तशी कोंडीही होती, कारण ज्याला बापाचे काम नको असे त्याला दुसरा दरवाजा नव्हता.

हा दरवाजा उघडला तो एकोणिसाव्या शतकात. 1853च्या एप्रिल महिन्यात बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली. 1864 साली दुसरी लोहमार्ग कंपनी, म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या तोंडची बी. बी. अँड सी. आय., गुजरातेतून वसईची खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत पोहोचली, आणि 1867 साली विरारहून मुंबईला रोजची गाडी धावू लागली. 1873 साली पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. कापडगिरण्या, गोद्या, तारखाते, टपालखाते, जकात, पेढ्या आणि विमा कंपन्या यांना माणसे हवी होती. त्यातही लिहिता-वाचता येणारी, इंग्रजी जाणणारी माणसे हवी होती. याच सुमारास येशूसंघीयांनी वांद्र्याला संत स्टॅनिस्लॉस शाळा (1863) आणि मुंबईत संत झेविअर कॉलेज (1869) उभे केले. चर्चच्या आवारातील लहान शाळांतून अक्षर गिरवलेला मुलगा पुढे कारकून होऊ शकतो, हे आपल्या समाजाला उमगले.

त्या काळी अर्ज हाताने लिहिला जाई. वळणदार अक्षर हीच उमेदवाराची पहिली परीक्षा होती. अक्षर पाहून साहेब माणूस पारखतो असा समज होता, आणि म्हणून मुलांची बोटे दुखेपर्यंत पाटीवर अक्षरे घोटून घेतली जात. परंतु उत्तम अक्षरातला अर्ज नेऊन द्यावा कोठे, जागा कोठे रिकामी आहे, हे कळणार कसे? याचे उत्तर बहुधा अर्जाबाहेर असे. कोणाचा तरी मामा कचेरीत असे, कोणाचा शेजारी रेल्वेत असे. बातमी आधी येई, अर्ज मागाहून जाई.

नोकरीसाठी घेतलेले नाव

नोकरीच्या शोधाने आपल्या समाजाला केवळ पगार दिला नाही, एक नावसुद्धा दिले. ब्रिटिश अमदानीत मुंबई, साष्टी आणि आसपासच्या स्थानिक कॅथोलिकांचा उल्लेख ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ असा होत असे. आडनावे पोर्तुगीज, धर्म कॅथोलिक, म्हणून हे नाव पडले होते. पुढे गोव्याहून आणि मंगळूरहून कॅथोलिक तरुण मोठ्या संख्येने कामासाठी मुंबईत येऊ लागले. त्यांचीही आडनावे तशीच होती. गोवेकर तर पोर्तुगालचे प्रजाजन होते. कचेरीतील साहेबाला डिसोझा आणि डिसोझा यांत फरक कळेना. आम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून इंग्रजांचे प्रजाजन आहोत, त्यामुळे सरकारी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांत आमचा हक्क आधी, असे ठसविण्यासाठी स्थानिक पुढाऱ्यांनी 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले आणि त्याच नावाची संस्था स्थापन केली.

या घटनेकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. संघटित होऊन आपली ओळख स्पष्ट मांडणे हा शहाणपणाचा मार्ग होता. मी कोण, मला काय येते आणि हे काम मला का मिळावे, हे नेमक्या शब्दांत सांगता येणे हा आजही नोकरीच्या अर्जाचा गाभा आहे. पण या नावाने एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या दोन समाजांत एक रेघही ओढली. जागा थोड्या आणि उमेदवार फार झाले की, माणूस आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला आधी बाजूला सारू पाहतो. बेकारीची ही जुनी खोड आहे, आणि तिने आपल्यालाही सोडलेले नाही.

गोवेकरांची कूड

जे गोवेकर मुंबईत येत त्यांच्यापाशी जमीनजुमला नव्हता, ओळखीचा साहेब नव्हता. त्यांनी निर्माण केलेली व्यवस्था मात्र आपण सर्वांनी आदराने अभ्यासावी अशी आहे. त्यांनी गावोगावच्या नावाने ‘कूड’ उभ्या केल्या. इंग्रजीत त्यांना क्लब म्हणत. पण त्यांत चैनीचा लवलेश नव्हता. धोबीतलाव, माझगाव, डाबूल या भागांतील जुन्या इमारतींत दोन-तीन खोल्या, भिंतीलगत ओळीने मांडलेल्या पेट्या, एका बाजूला गावच्या आश्रयदात्या संताची वेदी. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत अशा कितीतरी कुडी होत्या. गावातला कोणीही मुलगा बोटीतून उतरला की, आपल्या गावच्या कुडीचा पत्ता शोधीत येई. अल्प वर्गणीत त्याला पथारीपुरती जागा मिळे. संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरीची प्रार्थना म्हणावी, गावच्या संताचा सण मुंबईतही साजरा करावा, असे शिस्तीचे नियम असत.

नोकरी शोधण्याच्या दृष्टीने कुडीचे महत्त्व याहून मोठे होते. तेथे रोज बातमी येत असे. या गोवेकरांपैकी पुष्कळजण आगबोटींवर खानसामे, आचारी, बटलर म्हणून जात. कोणती बोट गोदीला लागली, कोणत्या कंपनीला माणसे हवी आहेत, कोणता साहेब कोणत्या गोष्टीवर नाराज होतो, हे सारे सफरीवरून परतलेला खलाशी रात्री पथारीवर बसून सांगत असे. नवख्या मुलाला त्या एका रात्रीत जे शिकायला मिळे ते कोणत्याही शाळेत मिळाले नसते. धातूच्या नळीत गुंडाळून ठेवलेले जहाजी दाखले, ज्यांवरून गोव्यात त्या दाखल्यांनाच ‘नळी’ म्हणू लागले, ही त्याची खरी संपत्ती. एका सफरीतील चांगल्या वागणुकीचा शेरा पुढच्या सफरीचे दार उघडत असे. ज्याला बोट मिळाली तो आपली पेटी कुडीत ठेवून निर्धास्तपणे समुद्रावर जाई, आणि त्याची पथारी तात्पुरती दुसऱ्या बेकाराला मिळे.

कुडीच्या भिंतीबाहेर मात्र दलाल उभे होते. बोटीवर चढवून देण्यासाठी खलाशांकडून पैसे उकळले जात, आणि कर्जात बुडालेला माणूस पुढच्या कित्येक सफरींचा पगार गहाण टाकून बसे. ही कीड जगभर होती. म्हणूनच 1920 साली जिनिव्हात नव्हे, तर इटलीतील जेनोवा या बंदरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेने खलाशांना काम मिळवून देण्याबद्दल त्यांच्याकडून पैसे घेऊ नयेत असा करार मंजूर केला. आपल्याकडे मुंबईत खलाशांसाठी सरकारी सेवायोजन कार्यालय निघण्यास 1954 साल उजाडावे लागले. तेथे नोंद झालेल्या खलाशाला आपल्या पाळीची वाट पाहता येऊ लागली. पाळी उशिरा येई, पण तिच्यासाठी दलालाच्या पाया पडण्याची गरज उरली नाही.

गिरणीचा दरवाजा आणि गोदीचा फाटक

हीच कहाणी गिरणगावात आणि गोदीवर वेगळ्या रूपाने घडत होती. गिरणीत माणूस भरण्याचा अधिकार व्यवहारात जॉबरच्या हाती होता, आणि बायकांच्या खात्यांत नाईकिणीच्या. जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे आणून लावी. गावाहून आलेल्या परक्या माणसाला त्यामुळे आधार मिळे हे खरे. पण त्या आधाराची किंमत होती. काम मिळविण्यासाठी दस्तुरी, टिकविण्यासाठी दस्तुरी, सुटी घेऊन परत यायचे झाले तरी दस्तुरी. 1929 साली नेमलेल्या आणि 1931 साली अहवाल सादर केलेल्या शाही श्रम आयोगाने, ज्याला अध्यक्षांच्या नावावरून व्हिटली आयोग म्हणतात, या पद्धतीवर स्पष्ट बोट ठेवले, आणि माणसे लावण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा अशी शिफारस केली. 1935 साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत सुरू केली. महिन्याच्या आरंभी कार्ड मिळालेल्या माणसांनी रोज सकाळी गिरणीवर हजर राहावे, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरल्या जाव्यात, असा तो नियम होता. जॉबरची सत्ता यामुळे एका दिवसात संपली नाही. परंतु नियमाचा कागद प्रथमच मजुराच्या हातात आला.

गोदीत तर दाखल्यातला चौकच भरत असे. दररोज सकाळी फाटकापाशी गर्दी, टोळीवाल्याच्या बोटाने निवडलेली माणसे आत, उरलेली माघारी. 1948 साली गोदी कामगारांच्या नेमणुकीचे नियमन करणारा कायदा झाला आणि 1951 साली मुंबईत त्याची योजना अमलात आली. नोंदणी झालेल्या कामगाराला पाळीने काम मिळू लागले, आणि हजर राहूनही काम न मिळाल्यास हजेरीचे पैसे मिळू लागले. अकराव्या तासापर्यंत उभे राहिलेल्या माणसाचाही त्या दिवसावर काही हक्क आहे, ही दाखल्यातील गोष्ट एका कायद्याच्या कलमात उतरलेली पाहून श्रद्धावंताला समाधान वाटल्याशिवाय राहत नाही.

या लढ्यात आपल्या समाजाचा वाटा होता हे तरुण पिढीने ध्यानात ठेवावे. माझगावचे काका जोसेफ बाप्तिस्ता हे लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि कामगारांचे कैवारी होते. 1920 साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले, तेव्हा त्याच्या स्वागताची धुरा त्यांच्याकडे होती. तेरावे लिओ यांनी 1891 साली काढलेल्या परिपत्रकाने श्रमिकांच्या हक्कांचा जो उच्चार केला, त्याचा प्रतिध्वनी असा आपल्या गल्लीबोळांतही उमटत होता.

फादरांची चिठ्ठी

कारकुनीपासून गोदीपर्यंत सर्वत्र चालणारे एक नाणे होते, ते म्हणजे धर्मगुरूंची चिठ्ठी. अमुक मुलगा माझ्या धर्मग्रामातील आहे, त्याचे कुटुंब मला ठाऊक आहे, तो सचोटीचा आहे, इतकाच मजकूर. जन्मदाखला सहजी न मिळण्याच्या काळात बाप्तिस्म्याची नोंदवही हाच वयाचा पुरावा होता, आणि त्याखालील सही हीच माणसाच्या चारित्र्याची हमी होती.

या चिठ्ठीचे सामर्थ्य सत्यात होते. ती देणारे फादर मुलाला खरोखरच ओळखत असत, आणि वाचणाऱ्याचा फादरांवर विश्वास असे. ज्या धर्मगुरूने मागेल त्याला चिठ्ठी दिली, त्याच्या चिठ्ठीला लवकरच किंमत उरत नसे. आजच्या भाषेत ज्याला संदर्भ किंवा रेफरन्स म्हणतात तो हाच. मात्र चिठ्ठीची मर्यादाही मान्य केली पाहिजे. चर्चच्या आवारात वावरणाऱ्या, फादरांशी धिटाईने बोलणाऱ्या घरांतील मुलांना ती सहज मिळे. मागच्या बाकावर बसणाऱ्या लाजऱ्या विधवेच्या मुलाला, किंवा पाड्यावरच्या आदिवासी ख्रिस्ती मुलाला ती मागण्याचे धैर्यच होत नसे. ओळखीने जग चालते तेव्हा ज्याला ओळख नाही तो चौकातच उभा राहतो.

सरकारी कार्ड

हा अन्याय दूर करावा म्हणून सरकारी व्यवस्था आली. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे यासाठी 1945 साली सेवायोजन कार्यालये निघाली. फाळणीनंतर निर्वासितांसाठी आणि 1948पासून सर्वांसाठी ती खुली झाली. 1956 साली त्यांचा कारभार राज्यांकडे आला. 1959च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर, तसेच पंचवीस वा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनांवर, रिकाम्या जागा कळविण्याचे बंधन घातले. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत असे घर क्वचितच असेल, जेथे मॅट्रिक झाल्याबरोबर मुलाने किंवा मुलीने एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातले नाही. ते कार्ड जपून ठेवायचे, मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करायचे आणि पोस्टमनची वाट पाहायची.

अनेकांची वाट पाहण्यात उमेदीची वर्षे सरली. कारण कायद्यात एक पळवाट होती. जागा कळविणे सक्तीचे होते, पण त्या कार्यालयाने पाठविलेलाच माणूस घेतला पाहिजे असे बंधन नव्हते. उलट बाजूने, केवळ कार्यालयाने पाठविलेल्यांचाच विचार केल्यास इतरांवर अन्याय होतो, हेही पुढे दिसले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी जागांची माहिती सेवायोजन कार्यालयाला द्यावी आणि शिवाय वृत्तपत्रांतूनही प्रसिद्ध करावी. बातमी सर्वांपर्यंत पोहोचणे हाच न्यायाचा पहिला भाग आहे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

ज्यांनी कार्डावर विसंबून न राहता हाताला काही कला लावून घेतली, ते तरले. कारखान्यांत उमेदवारी देण्याविषयीचा कायदा 1961 साली झाला, आय.टी.आय.मधून फिटर, टर्नर, वायरमन तयार झाले. मुलींनी टंकलेखन आणि लघुलेखन शिकले. पहाटेच्या लोकलने येऊन क्लासच्या ठोकळेबाज यंत्रांवर बोटे चालविणाऱ्या आपल्या आत्या-मावश्यांनी मुंबईच्या कचेऱ्या, टेलिफोन खाते, रुग्णालये आणि शाळा भरून काढल्या, आणि भावंडांची शिक्षणे केली. त्यांचा इतिहास अद्याप कोणी नीट लिहिलेला नाही.

1973 नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाताचे दार उघडले. तेथेही जुनाच दलाल नव्या कोटात उभा होता. विमानाचे तिकीट, व्हिसा, नोकरीचे पत्र असे सारे दाखवून पैसे घ्यायचे आणि गायब व्हायचे, किंवा तेथे पोहोचल्यावर भलत्याच कामाला जुंपायचे. 1983च्या परदेशगमन कायद्याने माणसे पाठविणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली. तरीही घरचे दागिने मोडून अनोळखी माणसाच्या हाती पैसे देणारी कुटुंबे थांबलेली नाहीत. खलाशांच्या काळातील धडा आजही तसाच आहे: जो नोकरीसाठी आधी पैसे मागतो, त्याच्यापाशी बहुधा नोकरी नसते.

रविवारच्या ओळखी

मग या साऱ्या इतिहासातून काय हाती लागते? ओळख वाईट आणि अर्ज चांगला, असा सोपा निकाल देता येत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन या गावातील 282 नोकरदार पुरुषांचा अभ्यास केला आणि 1973 व 1974 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही सारी माणसे शिकलेली, व्यावसायिक वा व्यवस्थापकीय कामे करणारी होती. त्यांपैकी सुमारे 56 टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. जाहिराती, एजन्सी अशा औपचारिक मार्गांनी सुमारे 19 टक्क्यांना, आणि स्वतः थेट जाऊन विचारल्यामुळे तितक्याच लोकांना.

परंतु त्याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. ज्या ओळखीच्या माणसाने बातमी दिली तो किती वेळा भेटत असे, असेही त्याने विचारले. आठवड्यातून दोनदा किंवा अधिक भेटणाऱ्या जवळच्या माणसांकडून बातमी मिळालेले जेमतेम 17 टक्के निघाले. वर्षातून एकदाच किंवा त्याहून कमी भेटणाऱ्यांकडून मिळालेले 28 टक्के. आणि निम्म्याहून अधिक, सुमारे 56 टक्के, मधल्या गटातले: वर्षातून एकदापेक्षा अधिक, पण आठवड्यातून दोनदापेक्षा कमी भेटणारे. कारण उघड आहे. आपले सख्खे मित्र आणि भाऊबंद आपल्याच वर्तुळात वावरतात. त्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते. 2022 साली लिंक्डइनवरील दोन कोटी लोकांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासातही, फार जवळच्या ओळखींपेक्षा काहीशा दूरच्या ओळखी नवी नोकरी मिळण्यास अधिक उपयोगी पडतात, असेच आढळले.

आठवड्यातून एकदा भेटणारा, नावाने ओळखणारा, पण घरी येणे-जाणे नसलेला माणूस म्हणजे कोण? तो रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात भेटणारा आपला धर्मबंधू होय. कुडीतील सफरीवरून परतलेला खलाशीही असाच होता. धर्मग्राम ही अशा ओळखींची अपूर्व पेढी आहे. त्यात रेल्वेतला निवृत्त फोरमन आहे, बँकेतली अधिकारी आहे, भाजीचा व्यापारी आहे, रुग्णालयातील परिचारिका आहे. पण आपण मिस्सा संपताच गाडीकडे धावतो, आणि मुलगा बेकार आहे ही गोष्ट शरमेने झाकून ठेवतो. जी गोष्ट मोठ्याने सांगितली असती तर वाट सापडली असती, तीच आपण लपवितो.

म्हणून तरुणांना सांगावेसे वाटते. बेकारी हे पाप नाही. ती झाकू नका. जवळच्या चार मित्रांना दहादा सांगण्यापेक्षा दूरच्या चाळीस माणसांना एकेकदा सांगा. ‘काहीही काम बघा’ असे न म्हणता, मला काय येते आणि कोणत्या प्रकारचे काम हवे ते नेमके सांगा. समोरच्याकडे नोकरी मागण्यापूर्वी माहिती मागा. माहिती द्यायला सहसा कोणी नकार देत नाही. जाहिरातीची वाट न पाहता आपल्या कामाशी संबंधित ठिकाणी स्वतः जाऊन विचारा. दाखले एका ठिकाणी नीट ठेवा. ज्याच्याकडून शिफारस घ्याल त्याने तुम्हाला खरोखर काम करताना पाहिलेले असावे. सरकारी नोंदणी आणि जाहिराती सोडू नका, पण केवळ त्यांच्या भरवशावर घरी बसू नका. आणि नोकरीसाठी कोणाला पैसे देऊ नका.

वडीलधाऱ्यांनाही काही सांगणे आहे. दुसरे जॉन पॉल यांनी 1981 साली मानवी श्रमावर काढलेल्या परिपत्रकात ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी एक कल्पना मांडली आहे. पगार देणाराच तेवढा मालक नव्हे. कामाची परिस्थिती घडविणाऱ्या सर्व संस्था आणि माणसे यांच्यावरही जबाबदारी येते, आणि बेकारीचे निवारण हा त्या जबाबदारीचाच भाग आहे. आपल्या कार्यालयात जागा रिकामी झाली ही बातमी खिशात ठेवून केवळ आपल्या पुतण्याला सांगणारा सज्जन गृहस्थ जॉबरहून किती वेगळा आहे, याचा विचार ज्याने त्याने करावा. तीच बातमी चर्चच्या फलकावर लागली, मिस्सानंतरच्या सूचनांत वाचली गेली, पाड्यावरच्या वर्गात पोहोचली, तर ओळखीचे सामर्थ्य राहील आणि तिचा अन्याय कमी होईल.

दाखल्यातील धन्याबद्दल एक गोष्ट नेहमी निसटते. मजुरांना त्याचा पत्ता शोधत यावे लागले नाही. तो स्वतः घराबाहेर पडला, एकदा नव्हे, दिवसातून पाच वेळा. शेवटच्या खेपेला तर मळ्याला माणसांची तेवढी गरजही उरली नसेल; पण चौकात अजून कोणी उभे आहे का, हे पाहण्यासाठी तो गेला. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपणही आवारात पाच मिनिटे थांबू या. कोपऱ्यात कोणी एकटा उभा असेल, तर त्याला विचारू या.